गावाच्या डोक्यावरची पेठ

लिंबाजी खटिंगनं चाळीस वर्षांत एक अख्खं गाव उचलून दुसऱ्या गावाच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. हे काम त्यानं एक कुदळ, एक चाळणी आणि दोन गाढवं एवढ्या सामानावर केलं, आणि त्यातली गाढवंही मागून आणलेली.

हे नीट सांगायला हवं. सोनपेठहून एसटीनं पाऊण तासावर बेटटाकळी आहे. गंगा गावापाशी येते आणि काय मनात येतं कोण जाणे, दोन फाटे करून पुढं पुन्हा एक होते. (इथं नदीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा समजतात आणि त्याला चहा पाजतात.) दोन फाट्यांमध्ये जे बेट राहिलं त्याला गाव म्हणतं पेठ. पेठेत दुकान नाही, माणूस नाही, रस्ता नाही. बाभळी आहेत, एक चिंच आहे आणि उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली गेलं की शेळ्या आहेत. पेठ का म्हणतात, हे विचारल्यावर म्हातारी माणसं सांगायची, 'व्हती तवा व्हती.' यापेक्षा जास्त इतिहास कुणाला लागला नाही.

लागायची ती माती. मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर, कसं असतं? तुळयांवर फळकुटं, फळकुटांवर निरगुडीचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर हातभर पांढरी माती, चोपण्यानं बडवून बडवून घट्ट केलेली. सगळी मदार त्या मातीवर. शेतातली काळी माती चालत नाही, ती उन्हात भेगाळते. पांढरी माती लागते, आणि ती मिळते जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून गेली तिथंच. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, सगळं मुरून मुरून पीठ झालेलं. असं पीठ पेठेवर दोन पुरुष खोल होतं. लिंबाजी ते खणायचा, चाळायचा, गाढवावर घालून नदी ओलांडायचा आणि लोकांच्या घरावर चढवायचा. चाळणीवर राहिलेली खापरं तो तिथंच फेकून द्यायचा. माळवदात खापर म्हणजे भातात खडा.

'लिंबाजीचं माळवद गळत न्हाई' हे वाक्य पंचक्रोशीत हमीपत्रासारखं चालायचं. राणीसावरगावपर्यंत त्याला बोलावणी असायची. ते वाक्य सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारा माणूस खुद्द लिंबाजीच होता, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

एक माळवद मात्र गळायचं.

ते होतं शिवमूर्ती अप्पांच्या किराणा दुकानाचं. दोन हजार दोन सालचं काम. पहिल्याच पावसाळ्यात साखरेच्या पोत्यावर धार लागली. अप्पांच्या घरच्या महानंदाक्का गावात सगळ्यांना आपुलकीनं बोलतात. एवढ्या आपुलकीनं, की समोरच्याला दोन दिवस झोप येत नाही. त्यांनी लिंबाजीला दुकानात बोलावून धारेखाली उभं केलं.

"लिंबाजीभाऊ, हे काय हाय?"

"पाणी हाय, आक्का."

"ते मला बी दिसायलंय. आलं कुठून?"

लिंबाजीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि आयुष्यातलं पहिलं खोटं बोलला. "तुमी वर सांडगे वाळू घालायला जातासा. टाच आपटून चालतासा. माळवद दबतंय."

झालं. आक्कांनी त्याच जागी, त्याच धारेखाली जाहीर केलं, की लिंबाजीनं चूक आपल्या तोंडानं कबूल करेपर्यंत हे माळवद निघणार नाही आणि इथं स्लॅब पडणार नाही. स्लॅब त्यांना परवडत नव्हता अशातला भाग नाही. पुढं अर्ध्या गावानं स्लॅब टाकले, उरलेल्यांतल्या निम्म्यांनी पत्रे. अप्पांचं दुकान तसंच राहिलं. लिंबाजी दरसाल वरून नवी माती टाकून द्यायचा, फुकट, आणि ते दरसाल गळायचं. आक्का सोयऱ्याधायऱ्यांना दुकानात आणून ओल दाखवायच्या. अप्पा बिचारे बोलणारे नव्हते. त्यांनी दुकानच गळतीच्या हिशेबानं लावून घेतलं. धारेखाली प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या. विकायच्याही त्याच आणि भरायच्याही त्याच.

अशी बावीस वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात वैजयंती मॅडम आल्या. पुरातत्त्वाच्या. बरोबर चार विद्यार्थी, तंबू, दोऱ्या, ब्रश. एका जुन्या ताम्रपटात नदीतल्या एका पेठेचा उल्लेख सापडला होता, देशोदेशीचे व्यापारी जिथं माल उतरवत अशी पेठ, आणि ती हीच असावी असं मॅडमचं म्हणणं. त्या पहिल्या दिवशी बेटावर फिरल्या आणि जागोजाग पडलेले चौकोनी खड्डे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी खणलं?"

गोळा झालेल्या गावानं एकमतानं लिंबाजीकडं बोट केलं. बेटटाकळीत एकमत होण्याचे प्रसंग कमी. लिंबाजीला वाटलं, सत्कार आहे. तो पुढं झाला.

"मीच. एकट्यानं."

"काका, तुम्हाला कल्पना आहे का, सातशे वर्षांपूर्वीचं शहर होतं हे! तुम्ही वरचे थर सगळे..." मॅडमनं वाकून खड्ड्यात बघितलं. "कुठं गेली ती माती?"

"वाया न्हाई घातली, मॅडम," लिंबाजी त्यांना धीर देत म्हणाला. "चिमूटभर बी न्हाई. सगळी गावावर हाय. चला, दाखवतो."

आणि त्यानं दाखवली. तीन दिवस मॅडम, विद्यार्थी आणि लिंबाजी उरलेल्या माळवदांवरून फिरत होते. बासष्टीच्या पुढचा हा माणूस शिडी न धरता चढायचा. "हे चांगुणाबाईचं. शहाण्णव साल. उगवतीकडला खड्डा, चिंचेपासून वीस पावलं. वरची माती भुरी, खालची पिवळसर, चूल लागली व्हती. हे सिताराम पाटलाचं. दोन हजार दोन साली घातलेलं. मधला खड्डा, इथं रांजण लागला, फुटका." विद्यार्थी लिहून घेता घेता थकले. मॅडमनं नकाशा काढला आणि शेवटी म्हणाल्या, की वरच्या थरांची इतकी चांगली नोंद त्यांना कागदावरसुद्धा कुठं मिळाली नव्हती.

फक्त अप्पांच्या दुकानावर चढल्यावर लिंबाजी आखडला.

"ही माती कुठली, काका?"

"आसंल तिथलीच कुठली तरी," तो म्हणाला आणि शिडी उतरायला लागला. मॅडमच्या नकाशावर तेवढी एक चौकट कोरी राहिली.

उत्खननात लिंबाजी मजूर म्हणून लागला आणि आठवड्याभरात मुकादमासारखा वागायला लागला. विद्यार्थ्यांना कुदळ धरायला शिकवायचा. मातीचा रंग बदलला, की मॅडमच्या आधी "थांबा" म्हणायचा. गावातल्या बायका खापरं धुवायच्या कामावर होत्या, आणि त्यांत महानंदाक्काही. त्यांना मजुरीची गरज नव्हती, पण गावात एवढं मोठं काही चाललंय आणि आपण दुकानात बसून गूळ फोडायचा, हे त्यांना पटेना. टब घेऊन त्या चिंचेखाली बसायच्या, दातांच्या ब्रशनं खापरं घासायच्या आणि लिंबाजी दिसला, की धुतलेलं खापर उन्हाकडं धरून म्हणायच्या, "सातशे वर्सं झाली, अजून गळत न्हाई बगा हे मडकं. कुंभार इमानदार असंल."

पाच खड्डे झाले. चुली निघाल्या, जाती निघाली, रांजण निघाले, एका घराचा उंबरा निघाला. सगळं छान. पण सगळं घरगुती. मेअखेर परवानगी संपणार होती. पुढच्या मोसमाची द्यायची की नाही, ते अहवाल बघून वर ठरणार होतं, आणि अहवालात 'इथं लोक राहत होते, दळत होते, जेवत होते' याच्यापुढं लिहिण्यासारखं काही नव्हतं. असं तर कुठल्याही टाकळीत चालतं. व्यापाराची पेठ म्हणायची तर व्यापाराची खूण पाहिजे. हातात बारा दिवस आणि एक खड्डा उरला होता. मॅडमनं ठरवलं, की तो बेटाच्या मधोमध, उंचवट्यावर घ्यायचा.

लिंबाजी त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं, की उंचवट्यावर फुटक्या रांजणापलीकडं काही नाही. तिथली माती म्हणजे नुसतं पीठ. सिताराम पाटलाचं माळवद तिथलं, एक थेंब गळत नाही. आणि मावळतीकडं, पाण्याच्या काठाला, जिथं कुणी बघतही नव्हतं, तिथं काय आहे हेही त्याला ठाऊक होतं. दोन हजार दोन साली पाटलाचं आणि अप्पांचं काम एकाच आठवड्यात आलं होतं. लवकर उरकावं म्हणून त्यानं अप्पांची माती काठावरून, न चाळताच उचलली होती. ती माती पिठासारखी नव्हती, रव्यासारखी होती. काळी कोळशाची कणी, काचेचे हिरवे-निळे गोळे, राखच राख. चोपणं मारलं तरी धरेना. त्याला तेव्हाच कळलं होतं. हात सांगत होते आणि त्यानं ऐकलं नव्हतं.

सकाळी भाकरी थापता थापता मनकर्णानं विचारलं, "काय व्हायलंय तुमाला?"

नवऱ्यानं सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटवली.

"मग सांगून टाका की मॅडमला."

"आक्का तिथंच बसलेल्या असतात."

"बसू द्या. काय खाणार हायती का?"

"चाळीस वर्सांचं नाव हाय माझं, मनकर्णा. एक बी माळवद गळलं न्हाई म्हणून हाय. आता म्होरं येऊन म्हनू का, की मी जाणूनबुजून बेकार माती घातली अन् बावीस वर्सं त्या बाईच्या टाचेला नाव ठेवलं?"

"तुमच्या नावापायी अप्पाचं डोकं बावीस वर्सं भिजायलंय," मनकर्णा म्हणाली. "अन् उद्या त्या पोरीचं काम बंद पडलं, की तुमचं नाव घेऊन ती काय करंल? कालवण वाढू का?"

लिंबाजी बेटावर पोचला तेव्हा उंचवट्यावर खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि दोरी ताणणं चालू होतं. तो सरळ चौकटीच्या मध्ये जाऊन बसला.

"इथं न्हाई, मॅडम."

"काका, उठा. वेळ नाहीये आपल्याकडे."

"म्हणूनच बसलोय. काठावर घ्या. मावळतीला."

"का? तिथं वर एक खापर नाही. नुसता गाळ आहे."

"गाळ पुराचा हाय. माझ्या खड्ड्यात बसलाय. खाली भट्टी हाय."

मॅडमनं दोरी सोडली. "तुम्ही पाहिली आहे?"

"भट्टी न्हाई पाहिली. तिची माती पाहिली. राख, काच, कोळसा."

"नकाशा केला तेव्हा का नाही सांगितलंत? आणि ती माती गेली कुठं? मला पुरावा लागेल, काका. शेवटचा खड्डा मी ऐकीव गोष्टीवर नाही टाकू शकत."

चिंचेखाली ब्रशचा आवाज थांबला होता. लिंबाजीनं तिकडं बघायचं टाळलं, मग टाळून काय होणार म्हणून सरळ बघितलं.

"शिवमूर्ती अप्पांच्या दुकानावर हाय. मी घातलीय. ती माती माळवदाची न्हवती, मला कळत व्हतं, तरी बी घातली. घाई केली. म्हणून गळतंय ते. आक्कांच्या चालण्याचा त्यात काही बी कसूर न्हाई."

एक शेळी तेवढी काहीतरी म्हणाली.

महानंदाक्का उठल्या. पदराला हात पुसले. सावकाश चालत आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"परत म्हना."

लिंबाजीनं परत म्हटलं.

"आता जरा मोठ्यानं. अप्पाला दुकानात ऐकू जाऊ द्या."

दुकान नदीपलीकडं अर्ध्या कोसावर. तरी लिंबाजी उभा राहिला, छातीत हवा भरली आणि गावाकडं तोंड करून ओरडला, "अप्पा, चूक माझीच हाय!" पाण्यावरून आवाज गेला. पुढं अप्पांनी सांगितलं, की ऐकू आलं होतं, पण त्यांना वाटलं काहीतरी उधारीचं असेल.

इतक्यात मजुरांतला एकजण हसला आणि म्हणाला, "वा रे कारागीर!" आक्का गर्रकन वळल्या.

"तू काय दात काढायलास? तुझ्या बापाचं घर कुणी घातलंय? गळतंय का? लिंबाजीभाऊला बोलायचा हक माझा हाय, मी बावीस वर्सं पाण्यात काढलीत. तुझी पळी तरी भिजली का?" मग मॅडमकडं वळून, एकदम कामाच्या सुरात, "खणा काठावर. त्यो माणूस माझ्यासमोर खोटं कबूल करणार न्हाई."

याच्यापेक्षा भक्कम पुरावा मॅडमना त्या दिवशी मिळणार नव्हता. तरी त्यांनी एक विद्यार्थी पिशवी देऊन दुकानावर पाठवला. तो तासाभरात ओंजळभर माती घेऊन आला, आणि त्या ओंजळीत निळ्या काचेचा एक गोळा होता.

पहिले चार दिवस काठावर नुसता गाळ निघाला. गाव येऊन बघायचं आणि मान हलवत जायचं. लिंबाजी मात्र असा निवांत, जणू स्वतः ठेवलेली वस्तू काढायला आलाय. "अजून दीड हात," एवढंच म्हणायचा. पाचव्या दिवशी गाळ संपला आणि राख लागली. आठव्या दिवशी मातीची भाजून लाल झालेली गोल भिंत दिसायला लागली. आणि भिंतीच्या बुडाशी मणी. निळे, हिरवे, पिवळे, मोहरीएवढे, ज्वारीएवढे. अर्धे झालेले, चिकटून बिघडलेले, भोक पाडायचे राहिलेले. आक्कांच्या टबात धुऊन धुऊन त्यांचा ढीग झाला. मोजणाऱ्या विद्यार्थ्यानं अकरा हजारांनंतर मॅडमकडं दुसरं काम मागितलं.

"एवढे मणी कोणी स्वतःच्या गळ्यासाठी करत नाही," मॅडम म्हणाल्या. त्या खड्ड्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. "हे विकायचे. नावेत भरून, दूर दूर. काका, ही पेठ आहे. ही पेठच आहे!"

"ते नाव आधीपासूनच हाय की," लिंबाजी म्हणाला.

भट्टीची वरची अर्धी बाजू मात्र गायब होती, सुरीनं खरवस कापावा तशी सरळ कापलेली. ती कुठं आहे, हे आता विचारायची गरज नव्हती. मॅडम स्वतः दुकानात गेल्या आणि माळवद मागितलं. आक्कांनी अप्पांचं मत विचारलं नाही, पण त्यांच्याकडं बघितलं, आणि अप्पांनी इतक्या जोरात मान हलवली, की कानामागची पेन्सिल पडली. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुकानाचं छप्पर उतरलं. पाटी पाटी माती चाळली. तेवीसशे मणी, भट्टीच्या भिंतीचे तुकडे आणि दगडाची छोटी वजनं, चढत्या क्रमाची चार. तीन आठवड्यांनी परवानगीचं पत्र आलं. एका नाही, तीन मोसमांचं.

"आता स्लॅब?" लिंबाजीनं आक्कांना विचारलं. आवाज जरा खालचा होता.

"स्लॅब कशाला? माणूस हाय की गावात माळवद घालणारा," आक्का म्हणाल्या. "फक्त माती बघून घाला."

बेटावर आता कुदळ मारायला बंदी होती. पण खड्डे बुजवून उगवतीची जी माती उरली, ती मॅडमच्या विद्यार्थ्यांनी आधीच तीन-तीनदा बारीक चाळलेली होती. असलं पीठ लिंबाजीला जन्मात मिळालं नव्हतं. त्यानं आठ दिवस ते माळवद बडवलं. पावसाळा झाला, अप्पांच्या बादल्या पहिल्यांदाच कोऱ्या विकल्या गेल्या.

घोटाळा झाला तो हिवाळ्यात, मॅडम परत आल्या तेव्हा. तोवर गावात पसरलं होतं, की गळक्या माळवदाला सरकारात मान आहे, फोटो निघतो, पेपरात नाव येतं. जीपमधून मॅडम उतरतात न उतरतात तोच चांगुणाबाईनं त्यांचा हात धरला.

"मॅडम, आमचं बी गळतंय हो. लय गळतंय. वरून मणी पडत्यात."

मागून सिताराम पाटील. "आमचं त्याहून जास्त."

तिसरा म्हणाला, त्याच्या घरात तर नावा चालतील. लिंबाजी पारावर बसला होता. तो ताडकन उठला. उन्हाळ्यात नदीपलीकडं ओरडून चूक कबूल करतानासुद्धा जो आवाज लागला नव्हता, तो आता लागला.

"कुणाचं गळतंय? चांगुणाबाई, कुणाचं? शहाण्णव सालचं माझं काम हाय ते! खोटं बोलतीस व्हय गं मॅडमसमोर?"

"गळतंय म्हन्ले ना मी. मला म्हाईत का तुला?"

"मॅडम, चला," लिंबाजीनं पंचा डोक्याला बांधला. "आत्ताच्या आत्ता."

दहा मिनिटांत तो चांगुणाबाईच्या माळवदावर होता. खाली घरात मॅडम, चांगुणाबाई आणि मावेल तेवढं गाव माना वर करून उभं. महानंदाक्का शिडीच्या बुडाशी राहून पाण्याच्या घागरी वर देत होत्या, आणि प्रत्येक घागर देताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, की हा माणूस एकदाच चुकलाय आणि ती चूक फक्त आपल्या घरी झाली, दुसऱ्या कुणी सांगू नये.

"वतलं!" वरून लिंबाजी ओरडला. "धा घागरी वतल्या! दाव आता थेंब!"

चांगुणाबाईनं तुळई बघितली, कोपरा बघितला, पुन्हा तुळई बघितली.

"थांब जरा," ती म्हणाली. "यायलाय."